परत आलेले खोके

पाली,
रविवार, ८ जून २०२५

अनिलकाका,

तुम्हाला आणि कमळाकाकूला नमस्कार. कॉम्प्युटरचं काही विचारायचं असेल तर फोनवर नको, फोनवर घोळ होतो, नीट कागदावर लिहून पाठव, असं तुम्ही गेल्या गणपतीत म्हणाला होतात. म्हणून हे पत्र. धोंडूच्या गाडीतून पाठवतेय. धोंडू म्हणतो, मुंबईच्या खेपेला त्याच्याकडे लोक फणस देतात नाहीतर तांदूळ, पत्र देणारी मी एकटीच. फणस बाबांनी दिलाय, तोही याच गाडीत आहे.

आधी खरं सांगते, काका, मी घाबरलेय. तीन हंगाम कॅनिंगच्या कारखान्यात आंब्याचा रस डब्यांत भरून माझ्याजवळ पंचेचाळीस हजार साठलेत. त्यात गेम बनवता येईल असा कॉम्प्युटर घ्यायचाय. तो चुकला तर दुसऱ्यांदा घेता येणार नाही. पुण्याच्या एका कंपनीने नव्या मुलांकडून गेम मागवलेत, १५ जुलैपर्यंत. चौघांना निवडणार आणि सहा महिने पगारावर ठेवून शिकवणार. नाही जमलं तर ऑगस्टपासून सावर्ड्याला मामाच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे बाबांशी ठरलंय. मामाचं दुकान वाईट नाही. पण तिथे एकदा बसले की मी उठायची नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

गेम असा आहे. पावसाळ्यात सड्यावर, त्या उघड्या कातळावर, धुकं उतरलंय. एका मुलीच्या गाईचा पाडा हरवलाय. तिला दिसत काही नाही, नुसती त्याच्या गळ्यातली घंटा ऐकू येते. आणि त्याच धुक्यात बिबट्या आहे. माझ्या कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपवर मुलगी पळते, पाडा पळतो, पण धुकं आलं की सगळं अडखळतं. धुकं काढून टाकलं तर छान चालतं. पण मग त्या गेममध्ये भ्यायचं कशाला?

तर प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड नवं घेऊ की वापरलेलं, आणि काय अजिबात घेऊ नको, ते सगळं लिहा. इंटरनेटवर दहा माणसं दहा गोष्टी सांगतात. आपल्या वाडीत कॉम्प्युटर इंजिनियर एकच, आणि तो माझा काका, एवढाच मला आधार आहे.

तुमची,
निशिगंधा

मुंबई,
शुक्रवार, १३ जून

चि. निशिगंधा,

आशीर्वाद. पत्र पोचलं, फणसही. तो चौथ्या मजल्यावर न्यायला काहीच वाटलं नाही, सवय आहे.

तुझ्या विषयावर मी सखोल विचार केला. आमच्याकडे हेतल म्हणून एक जाणकार सहकारी आहेत, त्यांच्याशीही चर्चा झाली. निष्कर्ष पुढीलप्रमाणे. प्रोसेसर सहा कोअरचा, पण आत्ताचा ताजा नको, मागच्या पिढीतला घ्यावा. तेवढ्याने बोर्ड आणि रॅम दोन्ही स्वस्तात बसतात. रॅम सोळा जीबी, तीही आठ-आठच्या दोन पट्ट्या, सोळाची एक नको. एसएसडी पाचशे जीबीची. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं, सहा जीबीचं, ज्याच्याकडे मूळ बिल आहे अशा माणसाकडूनच. पॉवर सप्लाय, ज्याला इथे एसएमपीएस म्हणतात, तो साडेचारशे वॅटचा. पडदा म्हणून एखादा जुना मॉनिटर चालेल, तो तिथेच बघ.

धुकं दाखवायला एवढे पैसे लागतात हे ऐकून नवल वाटलं. आपल्याकडे फुकट मिळतं.

सर्व वस्तू मी स्वतः घेऊन धोंडूकडे देईन, तू कुठे फिरू नकोस. आणखी काही शंका असतील तर पत्रानेच कळव. इथे कामाच्या ठिकाणी गडबड फार असते, फोनवर बोलणं होत नाही.

रघूदादाला आणि शकूवहिनीला नमस्कार.

तुझा काका,
अनिल

पाली,
बुधवार, २५ जून

काका,

आला, लागला, सुरू झाला!

तुमचे पाच खोके शुक्रवारी पोचले होते आणि दोन दिवस मी त्यांना हातच लावला नाही. नुसती समोर बसून होते. आई म्हणाली, "काय गो बाय, देवाला बसवलंस काय त्यांना?" मग व्हिडिओ बघत बघत जोडायला घेतला. प्रोसेसर बोर्डावर ठेवताना श्वास धरून ठेवला. त्याची एक पिन वाकली असती तर तीन महिन्यांचा आंब्याचा रस गेला असता. बाबा मागून म्हणत होते, "एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती." पण मुलगी पडद्यावर धुक्यात चालायला लागल्यावर तेच वाकून बघायला आले आणि म्हणाले, "डावीकडे जाव नको, डावीकडे वाजलान काहीतरी."

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली, रागावू नका. एसएमपीएस मीच घेते असा निरोप धोंडूकडे दिला होता ना, तो रत्नागिरीत विनोदच्या दुकानातून घेतला. निळा खोका, वर सोनेरी गरुडाचं चित्र. तुम्ही साडेचारशे वॅट सांगितलेत, हा साडेसहाशेचा, आणि किंमत निम्मीहून कमी! उरलेले पैसे तुम्हाला पाठवले, म्हणून तर कार्ड सहाच्या ऐवजी आठ जीबीचं मिळालं. धुकं आता दाट दिसतं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी हुशारीने घेतलं.

कॉम्प्युटर पडवीत ठेवलाय. घरात सगळीकडे ओल आली आहे, भिंतीला हात लावला तर भिजतो. कोरडी जागा तेवढी एकच. वर माळ्यावर म्हशीचा पेंढा भरलेला असतो ना, त्याच्या बरोबर खाली. तिथे ओल येतच नाही.

थोडा वेळ चालला की गरम वास येतो. विनोद म्हणाला, नव्या वस्तूला येतो.

निशिगंधा

मुंबई,
शुक्रवार, २७ जून

निशिगंधा,

तुझं पत्र आता दुपारी मिळालं. कॉम्प्युटर बंद कर. नुसता बंद नको, वायर भिंतीतून काढून ठेव. पुन्हा लावू नकोस. फोन करतोच आहे, पण लागला नाही तर म्हणून हे पत्र धोंडूकडे पळत जाऊन देतोय.

आधी वायर काढ.

काका

पाली,
रविवार, २९ जून

काका,

तुमचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, काकूला काही झालं. "वायर काढ, वायर काढ" एवढंच तुम्ही ओरडत होतात. मी काढली. मग विचारलं, का काढू? तर तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. पुन्हा विचारलं, त्या एसएमपीएसमध्ये नक्की काय वाईट आहे? तर मागे कोणीतरी ओरडलं, "ए अनिल, चल, माल उतरायचाय," आणि तुम्ही फोन ठेवलात. नंतर केला तर उचलला नाहीत.

काल विनोदकडे जाऊन आले. तो हसला. म्हणाला, साडेचारशेच्या जागी साडेसहाशे लावला तर बिघडेल कसं? कोण इंजिनियर आहे तुझा काका, नाव सांग. तुम्ही मला कारणच दिलं नाही तर मी काय सांगू?

तीन दिवस कॉम्प्युटर बंद आहे. सोळा दिवस राहिलेत. बिबट्या अजून चालतो तेव्हा त्याचे पाय जमिनीत घुसतात, ते नीट करायचंय. बंद ठेवला तर सावर्ड्याचा गल्ला दिसतो. लावला तर तुमचा आवाज ऐकू येतो. मला दोन्हीची भीती वाटते, आणि कशाला जास्त घाबरायचं तेही कळत नाही. दुसरा घ्यायला पैसे उरलेले नाहीत.

मंगळवारच्या गाडीने कारण लिहून पाठवा. इंजिनियर माणसाला कारण लिहिता येतं. बुधवारी पत्र आलं नाही तर गुरुवारी मी सुरू करणार.

निशिगंधा

मुंबई,
मंगळवार, १ जुलै

निशिगंधा,

कारण लिहितो. पण आधी उठ आणि ती वायर भिंतीत नाही ना, ते बघून ये. मग पुढे वाच.

मी इंजिनियर नाही. मी कॉम्प्युटरच्या बाजारात हमाल आहे. सतरा वर्षं झाली. टेम्पोतून खोके उतरवायचे आणि वरच्या दुकानांत पोचवायचे, हे माझं काम. लिफ्ट आहे, पण ती गिऱ्हाइकांना.

पहिल्या वर्षी गणपतीला आलो तेव्हा आबांनी आपल्या धाकट्या पोराला चार माणसांत विचारलं, काय काम करतोस? वाडीतला बारावी झालेला मी पहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, कॉम्प्युटर इंजिनियर. आबा उठून आत गेले, देवापुढे गूळ ठेवला आणि सगळ्यांना वाटला. तू पाच वर्षांची होतीस, तूही खाल्लास. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतो? दोन वर्षांमागे ग्रामपंचायतीचा बंद पडलेला कॉम्प्युटर माझ्यापुढे आणून ठेवला, तेव्हा मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. मदरबोर्ड म्हणजे काय, ते मला आजही नीट माहीत नाही. फक्त त्याचा खोका कसा उचलायचा ते माहीत आहे.

तुझं पहिलं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. हेतल एका दुकानात काउंटरवर बसते. गर्दी नसेल तेव्हा तिला एकेक प्रश्न विचारायचो. तिने सांगितलं ते तुला लिहिलं. ते बरोबर आहे, पोरगी हुशार आहे. फोन नको म्हणायचो तो याचसाठी, की विचारून यायला वेळ मिळावा. त्या पत्रात धुक्याचं वाक्य सोडलं तर माझं काही नव्हतं. आज लिहितोय ते सगळं माझं आहे.

आता गरुडाचं ऐक. तो खोका मी ओळखतो. गेल्या दिवाळीच्या सुमाराला बाजारात आला. चांगल्यातले एसएमपीएस मी एका खेपेला वीस घेतो, चौथा मजला येईपर्यंत गुडघे बोलायला लागतात. गरुडाचे चाळीस घेतले आणि सहज चढलो. मला वाटलं, अंगात जोर आला. मग कळलं की आत काही नाहीच. वॅट खोक्यावर छापलेले असतात, ते उचलावे लागत नाहीत. आतलं तांबं आणि लोखंड उचलावं लागतं. माझ्या पाठीला ते कळतं.

आणि बिघडलेला माल खाली कोण आणतं? तोही मीच. इतर शंभर नेले तर दोन-तीन परत येतात. गरुडाचे निम्मे परत आले. काळे पडलेले, वास मारणारे. एकजण तर वितळलेला डबा पिशवीत घालून आला आणि सोबत घरातला जळका पडदा घेऊन आला, पुरावा म्हणून. तो पडदा मी हातात धरलाय. त्यानंतर आमच्या बाजाराने तो माल घेणं बंद केलं. मग तो कुठे गेला असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. तुझ्या पत्रात गरुड वाचला आणि हातातला खोका तिथेच टाकून तुला फोन लावला. त्या माणसाच्या डोक्यावर पेंढा नव्हता, निशिगंधा. तुमच्या आहे.

फोनवर तू कारण विचारलंस तेव्हा हे सगळं सांगायचं होतं. पण सतरा वर्षं गिळलेलं एकदम बाहेर येईना.

सोबत एक खोका आहे. त्याचे पैसे विचारू नकोस. जड आहे, धोंडूला म्हटलंय, नीट धर. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायला मला जागा राहिली नाही, म्हणून एवढंच कर. बाबूच्या दुकानातल्या काट्यावर आधी गरुड ठेव, मग हा ठेव. काटा खोटं बोलत नाही.

रघूदादाला काय सांगायचं ते तू ठरव. मला आगीची भीती जास्त आहे. दादाची त्याहून कमी आहे, पण आहे.

अनिलकाका

पाली,
रविवार, ६ जुलै

काका,

तुमचं पत्र बुधवारी आलं नाही. घाटात दरड कोसळली, धोंडू दोन दिवस चिपळुणात अडकला होता. तुमचे फोन येत होते, ते मी रागाने उचलले नाहीत. आणि गुरुवारी सकाळी, म्हटल्याप्रमाणे, सुरू केला.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला धोंडू दारात आला. मी पडवीतून उठून गेले ती कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून. बिबट्याचे पाय पहिल्यांदाच जमिनीवर नीट पडत होते, बंद करायचं जिवावर आलं. दारातच पत्र फोडलं. "उठ आणि ती वायर" एवढं वाचलं आणि मागे वळले. बाबा शिडीवर उभे राहून म्हशीसाठी पेंढा खाली ओढत होते. काड्या कॉम्प्युटरवर पडत होत्या. मागच्या जाळीवर पडल्या होत्या. मी प्लग धरला तर तो इतका तापला होता की हात आपोआप सुटला. पदराचा बोळा करून आईने खेचला. धुकं गेलं, पडदा काळा झाला, आणि तेव्हा वास आला. पडवीभर. बाबा शिडीवरच थांबले होते, हातात पेंढा तसाच.

मी किती घाबरले ते सांगता येत नाही. खाली बसले आणि रडले. मग तुमचं बाकीचं पत्र वाचलं, आणि पुन्हा रडले, ते वेगळं.

राग आलाय तुमचा. गुळाचा आलाय. तो मी गणपतीपर्यंत जपून ठेवणार आहे, समोर आलात की काढीन.

काल बाबांना घेऊन बाबूच्या दुकानात गेले. कांद्याच्या काट्यावर गरुड ठेवला. सहाशे नव्वद ग्रॅम. मग तुमचा ठेवला. एक किलो आठशे साठ. दुकानात सात-आठ माणसं होती, सगळी पुढे सरकली. बाबू म्हणाला, आतून खाल्लेलं दिसतंय. बाबांनी एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरा घेतला, बराच वेळ खालीवर करत राहिले. मग विचारलं, "अनिलाने नुसत्या पत्रावरून वळखलान?"

मी म्हटलं, हो.

"म्हंजे इंजिनेर हाय खराच."

मी दोन्ही पिशवीत भरले. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा, मी सांगणार नाही. पण मला वाटतं, तुम्ही बाबांना हे पाठीचं आणि वजनाचं सांगितलंत ना, तर ते पुन्हा हेच म्हणतील.

तुमचा एसएमपीएस बसवलाय. कॉम्प्युटर माजघरात आणलाय, ओल असली तरी. पंधरा तारखेपर्यंत गेम होईल. निवडतील की नाही, माहीत नाही. ग्रामपंचायतीचा तो कॉम्प्युटरही आज उघडला. मदरबोर्ड शाबूत आहे, रॅमची पट्टी सैल होती. दाबली, सुरू झाला.

एक काम आहे. माझी मैत्रीण वेदिका मंडणगडला असते. तिलाही कॉम्प्युटर घ्यायचाय आणि तिचीही माझ्यासारखीच गाळण उडाली आहे. आम्ही दोघींनी बारा वस्तूंची यादी केली आहे, ती सोबत आहे. ही हेतलला विचारू नका. प्रत्येक नावापुढे तुम्हीच फक्त एवढं लिहा, शंभर वर नेले तर किती खाली आणावे लागतात.

आणि तुमच्या गुडघ्यांचं लिहा. त्यावर एक वाक्य लिहून तुम्ही लगेच पुढे गेलात. माझे पाचही खोके, आणि हा सहावा जड, त्याच जिन्यावरून तुमच्याच पाठीवरून खाली आले असणार, ते मला काल काट्यापुढे उभी असताना कळलं. आता मला भीती वाटते ती त्या जिन्याची.

तुमची,
निशिगंधा